सोफ्यामागची भिंत

वृषभनं ज्या चित्रावर बोट ठेवलं, त्या चित्रात काहीच नव्हतं.

म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही. खाली राखाडी, वर त्याहून फिका राखाडी आणि दोन्हींच्या मधून गेलेली एक आडवी रेघ. झाड नाही, पाखरू नाही, माणूस तर औषधालाही नाही. त्रिशलाक्कांनी चष्मा पदराला पुसला आणि परत बघितलं. दुकानदार आदर्श म्हणाला, की मूळ चित्र परदेशात कुठल्याशा म्युझियममध्ये आहे, तिथं लोक त्याच्यासमोर बाकावर तासन्‌तास बसून राहतात, आणि ही त्याची कॅनव्हासवरची हुबेहूब नक्कल.

"कशाची वाट बघत बसत्यात?" त्रिशलाक्कांनी विचारलं.

आदर्श हसला. वृषभही हसला. त्रिशलाक्का हसल्या नाहीत.

टिळकवाडीत वृषभनं नवा फ्लॅट घेतला होता. मार्गशीर्षात त्याचं लग्न, त्याआधी घर लागायला हवं, म्हणून आईवडील सकाळीच निपाणीहून बेळगावात आले होते. पडदे झाले होते, सोफा आला होता, आता सोफ्यामागच्या मोठ्या भिंतीवर लावायला चित्र बघायचं होतं. यात आईनं धास्तावावं असं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण त्रिशलाक्कांना गेले कित्येक महिने एक संशय खात होता. त्यांना वाटत होतं, आपला एकुलता एक मुलगा दीक्षा घेणार. लग्न-बिग्न काही न करता, एक दिवस घर सोडून मुनी होणार.

निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला ही भीती फोड करून सांगावी लागत नाही. दुसरीकडच्या आया पोरगं बिघडेल म्हणून घाबरतात. इथल्या जैन घरांतल्या आया पोरगं फार सुधारेल म्हणूनही घाबरतात. सकाळी मंदिरात जाणारं, कांदा-लसूण न खाणारं, मोठ्यांना उलट न बोलणारं पोरगं सगळ्यांना हवं असतं, पण एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेपलीकडे गेलं, की एक दिवस ते घरच्यांपुढं हात जोडून उभं राहतं, परवानगी मागतं, डोक्यावरचे केस आपल्या हातानं उपटतं आणि अनवाणी चालू लागतं. मग त्याला नावानं हाक मारायची नाही, त्याला जवळ घ्यायचं नाही. लांबून 'नमोस्तु' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

त्रिशलाक्कांचा थोरला भाऊ असाच गेला. एका दिवसात गेला नाही, थोडा थोडा गेला. आधी त्याच्या खोलीतली कॉट बाहेर आली. मग गादी गेली. मग भिंतीवरचा आरसा गेला, तेव्हा आई पहिल्यांदा रडली. घरच्यांचा होकार असल्याशिवाय महाराज दीक्षा देत नाहीत, म्हणून आईला भर मंडपात व्यासपीठावर नेलं, माइक तिच्या तोंडापुढं धरला, आणि एवढ्या मोठ्या गर्दीसमोर ती 'व्हय' म्हणाली. लोकांनी जयजयकार केला. ती दुसरं काय म्हणू शकली असती, हे त्रिशलाक्कांना आजवर कळलेलं नाही. पुढं एकदा भाऊ विहार करत निपाणीला आले. त्रिशलाक्का सोवळ्यानं स्वयंपाक करून, हातात कलश घेऊन दारात उभ्या राहिल्या. पण मुनी मनाशी एक खूण धरून निघतात आणि ती जिथं जुळेल तिथंच जेवतात; त्या दिवशी भावाची खूण समोरच्या घरी जुळली, आणि त्रिशलाक्कांनी सख्ख्या भावाला रस्त्याच्या अलीकडून जेवताना पाहिलं. सगळे म्हणाले, धन्य घराणं. त्याही हात जोडून हो म्हणाल्या. मनातून त्या इतक्या चिडल्या होत्या, की घरी येऊन त्यांनी ते सगळं अन्न गपगुमान वाटून टाकलं.

म्हणून त्यांना खुणा ठाऊक होत्या, आणि वृषभच्या अंगावर त्या एकेक करून उगवताना दिसत होत्या.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेला हा मुलगा लहानपणी मंदिरात जायचं म्हटलं, की पोट धरून बसायचा. तो आता सूर्य मावळायच्या आत जेवत होता आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालत नव्हता. चटईवर झोपत होता. डोक्यावरचे केस इतके बारीक करून आला होता, की त्रिशलाक्कांना क्षणभर भाऊच दारात उभा आहे असं वाटलं. आणि दर रविवारी तो बेळगावहून गाडी काढून निपाणीला यायचा, वडिलांना घ्यायचा आणि पलीकडच्या गावात चातुर्मासाला थांबलेल्या महाराजांकडं जायचा. पोराला धर्माची गोडी लागली, असं शेजारणी कौतुकानं म्हणायच्या. त्रिशलाक्का वरून हसायच्या आणि घरात येऊन भांडी आपटायच्या.

साखरपुडा झाला होता हे खरं. मुलगी चिकोडीची, ब्राह्मी नावाची, शिकलेली, बोलायला चुणचुणीत. पण साखरपुडा झाल्यावर गेलेली मुलंही त्रिशलाक्कांनी ऐकली होती.

हे नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. बाळगोंडा पाटील म्हणजे आप्पा. निपाणीत त्यांचं खता-बियाणांचं दुकान. धर्माच्या बाबतीत त्यांचा काही भरवसा नव्हता. 'जाऊ दे की, भाग्य लागतंय त्याला,' असं म्हणून मोकळे झाले असते. त्यातून गेल्या वर्षी त्यांनी कीटकनाशकांची एजन्सी सोडून दिली. जीव मारायची औषधं विकायची नाहीत म्हणाले. चांगला चालणारा धंदा असा कोण सोडतं? त्रिशलाक्कांना खात्री होती, की हे वृषभनंच त्यांच्या डोक्यात भरवलंय. पोरगं स्वतः तर निघालंयच, वर बापाचंही दुकान रिकामं करायला लागलंय, असं त्यांना वाटे.

आणि आता हे चित्र. त्रिशलाक्कांच्या मनातली पाल आता नुसती चुकचुकत नव्हती, तिथंच घर करून बसली होती.

"दुसरं बघू," त्या म्हणाल्या. "ह्यात काय हाय? भिंतीला रंग द्यायचा ऱ्हायलाय असं वाटंल बघणाऱ्याला."

"आई, ते तसंच असतंय. शांत वाटतं."

'शांत' हा शब्द ऐकून त्यांना आणखीच धडकी भरली.

आदर्श धंदा कोळून प्यायलेला होता. त्यानं सोफ्याचा रंग विचारला, भिंतीची दिशा विचारली आणि टॅबवर भराभर चित्रं सरकवायला लागला. धावणारे सात घोडे दाखवले. घोडे घराच्या आत पळताना लावायचे, बाहेर पळताना लावायचे नाहीत, असं बजावलं. मग धबधबा. मग पाण्यातलं कमळ. मग डोळे मिटलेला बुद्ध, अर्धाच चेहरा, सोनेरी.

"हे लई जातंय, आक्का. टिळकवाडीत घरटी एक हाय म्हणा."

"डोळं मिटलेलं कुणीबी नको," त्रिशलाक्का म्हणाल्या.

आदर्शला काही कळलं नाही, पण त्यानं बुद्ध सरकवला. पुढं आला तो एक आठवड्याचा बाजार. जुन्या कुणा चित्रकाराचं असावं. लाल मिरच्यांचे ढीग, पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका, बैलांच्या शिंगांना लावलेले गोंडे, कडेवरचं रडणारं पोर, पागोटं सरळ करणारा म्हातारा, भांडणारी दोन माणसं आणि ते भांडण बघायला थांबलेली दहा-बारा. इंचभरही जागा मोकळी नव्हती. त्रिशलाक्कांना वाटलं, ह्या चित्रात शिरलेला माणूस बाहेरच पडू शकणार नाही.

"हे घ्यायचं," त्या म्हणाल्या.

"आई, केवढी गर्दी आहे त्यात!"

तेव्हा इतका वेळ स्टुलावर गप्प बसलेले आप्पा उठले. त्यांनी टॅब हातात घेतला, चित्र जवळून बघितलं, लांबून बघितलं. "ह्येच घे, वृषभ," ते म्हणाले. "घरात माणसं पायजेत. रिकामं घर चांगलं न्हाय."

त्रिशलाक्कांना नवऱ्याचा इतका अभिमान फार दिवसांत वाटला नव्हता. म्हणजे यांनाही कळलंय, त्यांच्या मनात आलं. बोलत नाहीत, पण पोराला धरून ठेवायला आपल्या बाजूनं उभे आहेत. गाडीत बसल्यावर त्यांनी डब्यातला लाडू आप्पांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो वृषभला दिला. बाप आहे शेवटी, असं म्हणून त्यांनी दुसरा लाडू काढलाच नाही.

निघताना मात्र एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. पैसे देताना वृषभ आदर्शच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला होता, आणि आदर्शनं मान हलवली होती.

चित्र कॅनव्हासवर छापून, लाकडी चौकटीवर ताणून घरपोच मिळणार होतं. ते मिळालं की नाही, हे वृषभला फोनवर विचारलं की तो 'व्हय, व्हय, लावलं' म्हणायचा. फोटो पाठव म्हटलं, की विसरायचा. एवढंसं काम विसरणारा पोरगा नव्हता तो. शेवटी त्रिशलाक्का एका सकाळी कुणाला न सांगता बसमध्ये बसल्या. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, काकती आली, तरी खिडकीबाहेर त्यांना काही दिसलं नाही. फ्लॅटची एक चावी त्यांच्याकडं होती. ती त्यांनी वाटभर मुठीत धरली होती.

दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर बाजार नव्हता.

तिथं ती आडवी रेघ होती. दुकानात टॅबवर वीतभर दिसलेलं चित्र आता सोफ्याच्या लांबीचं झालं होतं, आणि रिकामेपणही तेवढंच वाढलं होतं. त्रिशलाक्का चपला न काढताच आत शिरल्या. बेडरूममध्ये चटई अंथरलेली. कपाटात मोजकेच कपडे. दाराआड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मोठी चौकट भिंतीकडं तोंड करून उभी होती, तिच्या एका फाटक्या कोपऱ्यातून लाल मिरच्या दिसत होत्या. त्या तोंडावर पाणी मारायला बाथरूममध्ये गेल्या. बेसिनवरचा आरसा नव्हता. नुसती भिंतीतली भोकं होती.

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. आपली आई आरसा गेल्यावर का रडली होती, हे त्यांना आता नीट समजलं.

वृषभला त्यांनी फोन केला आणि एवढंच म्हटलं, "असशील तसा हितं फ्लॅटवर ये." बिचारा कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून धावत आला. आईला उंबऱ्यावर बसलेली बघून त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं? आप्पा बरे आहेत न्हवं?"

"आप्पांना काय धाड भरलीया? तू खरं सांग. दीक्षा घेणार हायस तू?"

"काय?"

"माझ्यापास्नं लपवू नको. मी सगळं बघतोय. एकडाव भाऊ घालवून बसलोय मी. तुझ्या मामाचं असंच झालतं. कॉट गेली, आरसा गेला आणि मग त्यो गेला. आता त्या मुलीला फसवू नको आणि मलाबी फसवू नको. जाणार असशील तर तोंडावर सांग."

वृषभ आईकडं बघत राहिला. मग त्याच्या ओठांचे कोपरे हलले, मग खांदे हलले आणि मग तो हसत हसत खालीच बसला. त्रिशलाक्कांना त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली.

"आई, ऑफिसात एसी बंद पडला तर माझं डोकं दुखतंय. मी अनवाणी चालत श्रवणबेळगोळला जाणार?"

"मग रातचं जेवण का सोडलास?"

"पोट सुटलंय गं. लग्नाचा कोट बसंना. फोनमध्ये ॲप आहे, ते सांगतं कधी खायचं."

"चटई?"

"कंबर धरलीया. डॉक्टरनं सांगितलंय, गादीवर झोपू नका."

"आणि डोकं का भादरलंस?"

इथं वृषभ जरा लाजला. "केस गळाय लागलेत. बारीक ठेवलं की समजत न्हाय. ब्राह्मीला सांगू नको."

आरशाचंही निघालं. ब्राह्मीला कडेनं दिवे असलेला आरसा हवा होता, म्हणून जुना काढला होता, नवा यायचा होता. कपडे ब्राह्मीनंच निवडून अर्धे देऊन टाकायला लावले होते. आणि भिंतीवरचं चित्रही तिनंच पसंत केलं होतं. ती फोनवर असलीच घरं बघायची, पांढरी, मोकळी, एका कोपऱ्यात एक झाड ठेवलेली. गर्दीचं चित्र बघितलं की तिचं डोकं उठायचं. आईला कसं सांगायचं म्हणून वृषभनं आदर्शला दोन्ही चित्रं करायला सांगितलं होतं.

"बायकोला भिऊन?" त्रिशलाक्कांनी विचारलं.

"आणि तुला भिऊन."

एवढं ऐकल्यावर मात्र त्यांना हसू आवरलं नाही. बायकोला आतापासून भिणारा मुलगा मुनी होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतक्या महिन्यांची भीती अशी निघून गेली, की त्यांना एकदम भूक लागली. डोळे पुसत, हसत त्या शंका संपवायच्या म्हणून शेवटच्या दोन विचारून घेत होत्या.

"आणि रविवारी महाराजांकडं जातोस ते?"

"आप्पा बोलावत्यात म्हणून येतो. मी बाहेर गाडीत मॅच बघत बसतो. आत तेच असत्यात."

"आप्पांची एजन्सीबी तूच सोडाय लावलास, मला वाटलं."

"मी? मी भांडलो की त्यांच्याशी. लग्नाच्या तोंडावर चालता धंदा कशाला सोडायचा म्हणून. ऐकतात होय ते?"

"तुझं ऐकत न्हाईत, माझं ऐकत न्हाईत," त्रिशलाक्का म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला गेल्या. दोघं पोटभर जेवले. फोनचं ॲप त्या दिवशी गुंडाळून ठेवावं लागलं. बाजाराचं चित्र जेवणाच्या टेबलापाशी लावायचं ठरलं, आणि सोफ्यामागची रेघ ब्राह्मीच्या नावावर तिथंच राहिली. बसमध्ये बसायच्या आधी त्रिशलाक्कांनी मिठाईच्या दुकानातून कुंदा घेतला, तोही चांगला मोठा बॉक्स. परतीच्या वाटेवर त्यांना खिडकीबाहेरचा ऊस दिसला, पुलाखालचं पाणी दिसलं, शेजारी बसलेल्या कन्नड बाईला त्यांनी कन्नडमध्ये मुलाच्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांनी विचारलं नाही, की न सांगता कुठं गेली होतीस. त्रिशलाक्कांना तरी कुठं विचारायची वाट बघायची होती? पिशवी ठेवायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. रिकामं चित्र, आरशाची भोकं, गळणारे केस, लग्नाचा कोट, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा ऊर हलका होत होता आणि हसून डोळ्यांत पाणी येत होतं.

"म्हंजे बघा, इतकं दिवस मी झुरतोय. मला वाटलं, पोरगं दीक्षा घेतंय!"

आप्पा हसले नाहीत.

त्रिशलाक्कांनी कुंद्याचा बॉक्स उघडून पुढं केला. "घ्या. पोरगं ऱ्हायलं घरात, तोंड गोड करा."

"मी गोड सोडलंय," आप्पा म्हणाले.

"साखर वाढंल म्हणून व्हय? आजच्या दिवस खावा."

"साखरंसाठी न्हाय सोडलो."

बॉक्स त्यांच्या हातात तसाच राहिला. आप्पांचा आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाला खत कधी घालायचं ते सांगावं तसा. त्रिशलाक्कांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. गोड सोडलं, एजन्सी सोडली, दर रविवारी आत बसणारे हेच. ज्या खुणा त्या पोराच्या अंगावर शोधत होत्या, त्या सगळ्या त्यांच्यासमोर, त्यांच्या हातचं जेवत, त्यांच्याच घरात होत्या.

"पोरगं न्हाय, त्रिशला," आप्पा म्हणाले.

त्या खाली बसल्या. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत दोघंही थांबले.

"लगीन पार पडंस्तोवर थांबलोतो," आप्पा म्हणाले. "पोराचं घर लागू दे, सून येऊ दे, मग तुला इचारायचं ठरवलंतं. आता तूच इषय काढलीस. माझं मन आता हिकडं ऱ्हायलं न्हाय. क्षुल्लक दीक्षेपास्नं, म्हंजे पयल्या पायरीपास्नं, सुरवात कर म्हणाल्यात महाराज."

"दुकानात काय म्हणालासा तुम्ही? घरात माणसं पायजेत म्हणालासा न्हवं?"

"तुझ्यासाठी म्हणालो. तू तिकडंच ऱ्हाणार पोरांजवळ. मी नसताना तुला घर रिकामं वाटू नये."

त्रिशलाक्कांना आता राग आला, आणि राग आला ते बरंच झालं, नाहीतर त्यांना बोलताच आलं नसतं. "माझी सोय लावलासा व्हय? खोली कुठली, पोरं कुठली, भिंतीवर काय, सगळं ठरवलासा. मला इचारलासा कवा?"

"आता इचारतोय की. तुझा होकार लागतोय."

"आणि मी न्हाय म्हटलं तर?"

"तर जाणार न्हाय. महाराजांनी तसंच सांगितलंय. बायकोचं मन दुखवून आलास तर दारात उभा ऱ्हाऊ नको म्हणाल्यात."

"मग न्हाय," त्रिशलाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, शेजारी ऐकू गेला असेल. "मंडपात न्हाय, माइकवर न्हाय, हितंच सांगतो. मी न्हाय म्हणतोय. कवाच व्हय म्हणणार न्हाय."

"बरं," आप्पा म्हणाले.

त्या थांबल्या. आता ते चिडतील, मग धर्माचं सांगतील, मग माहेरचं काढतील, मग दोन दिवस अबोला धरतील. उभा जन्म तसंच झालं होतं. भाजीत हिंग किती घालायचा यावरून त्यांनी एकदा पाहुण्यांदेखत वाद घातला होता. पोराचं नाव ठेवताना पाळण्याजवळ उभं राहून दोघं भांडले होते. गल्लीला त्यांच्या भांडणाची सवय होती, शांत असले तर लोक विचारायचे, बरं आहे ना म्हणून. पण अलीकडं भांडण झालं होतं कधी? त्रिशलाक्कांनी आठवून बघितलं, त्यांना आठवेना.

आप्पा उठले. त्यांनी कुंद्याचा बॉक्स बंद करून वर फळीवर ठेवला, त्रिशलाक्कांसाठी तांब्याभर पाणी आणलं. "प्रवासानं दमली असशील. पाणी पी. मग सूर्य मावळायच्या आत दोन घास खाऊ."

"न्हाय म्हटलं मी. ऐकलासा न्हवं?"

"ऐकलो. तुझं बरोबर हाय. न्हाई जात."

त्यांच्या तोंडावर राग नव्हता. दुःखही नव्हतं. भाऊ गेला तेव्हाही त्रिशलाक्का इतक्या घाबरल्या नसतील. त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि आप्पांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अवो, भांडा की माझ्याशी," त्या म्हणाल्या. "एकडाव तरी भांडा."

आप्पा तसेच उभे राहिले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.